घटपर्णीचे ऊतीसंवर्धन : पेरे काळी पडतात, काय चुकते आहे?

मातीवेडा, कुडाळ

नमस्कार मंडळी.

खानदेशातील एका केळी ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत (झाडाच्या बारीक तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपे करतात तिथे) मी नऊ वर्षे काम केले आणि दोन वर्षांपूर्वी गावी परतल्यावर माडीवरील एका खोलीत स्वतःची लहानशी सोय उभी केली. लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचे निर्जंतुक कामाचे टेबल, जुना आहे, पण त्याचा फिल्टर नवा बसवून घेतला आहे. दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आहे आणि दिव्यांच्या दोन मांडण्या आहेत. केळीचे काम हाताच्या सवयीचे झाले आहे. मनात मात्र शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिल्यापासून किडे पकडणारी घटपर्णी घर करून बसली आहे. भारतात निसर्गतः आढळणारी तिची एकमेव जात, म्हणजे मेघालयातील नेपेन्थस खासियाना, दुर्मीळ होत चालली आहे हे वाचल्यावर असे वाटू लागले की तिची रोपे बाटलीत वाढवून हौशी माणसांना रास्त दरात दिली, तर जंगलातून उपटून आणलेल्या रोपांना गिऱ्हाईक उरणार नाही.

गेल्या वर्षी एका रोपवाटिकेतून ‘खासियाना’ अशी चिठ्ठी लावलेले रोप आणले आणि त्यावर तीन वेळा प्रयत्न केला. वेलीची दोन-दोन सेंटिमीटरची पेरे कापून साबणाच्या पाण्याने धुतली, ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये सहा मिनिटे ठेवली आणि केळीला वापरतो त्याच माध्यमावर, म्हणजे पूर्ण मात्रेचे एमएस (क्षारांचे नेहमीचे मिश्रण), लिटरला ३० ग्रॅम साखर आणि ४ मिलिग्रॅम बीएपी (फुटवे आणणारे संजीवक, म्हणजे हार्मोन), उभी केली. पहिल्या दोन खेपांना चार-पाच दिवसांतच बुरशी आली. तिसऱ्या खेपेला वेळ वाढवून दहा मिनिटे केली, तेव्हा बुरशी आली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो कापाच्या खालच्या टोकापासून अगरमध्ये, म्हणजे माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीत, शाईचा थेंब सोडावा तसा तपकिरी-काळा डाग पसरलेला होता. आठवड्याभरात सगळी पेरे कोळशासारखी झाली. मूळ रोपावर आता तीनच फुटवे उरले आहेत आणि तेही कापून घालवण्याचे धाडस होत नाही. नेमके काय चुकते आहे, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

काचबाटली, पुणे

मी वनस्पतिशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि घटपर्णीच्या तीन-चार जाती बाटलीत वाढवल्या आहेत. तुमचे वर्णन इतके तपशीलवार आहे की बहुतेक उत्तर त्यातच सापडते.

आधी काळ्या डागाविषयी. घटपर्णीच्या ऊतींमध्ये नॅफ्थोक्विनोन गटातील द्रव्ये असतात आणि त्यांतील एक म्हणजे प्लंबॅगिन. आपल्या चित्रकाच्या मुळीत असते तेच हे द्रव्य. चित्रकाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे. चित्रकाची मुळी कापताना बोटांना जो डाग पडतो, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना तुमच्या बाटलीतील डागाचे आश्चर्य वाटणार नाही. ही द्रव्ये आणि इतर फिनॉल कापलेल्या जागेतून बाहेर पडतात, हवेशी संयोग होऊन काळवंडतात आणि ज्या ऊतीतून आली तिलाच मारतात. केळीचा कंदही काळा पडतो हे तुम्हाला माहीतच आहे, परंतु केळी ते सोसून पुढे वाढते आणि घटपर्णीचे कोवळे पेर सोसत नाही. त्यातच दहा मिनिटांच्या मर्क्युरिक क्लोराइडने ऊती भाजून निघाली आणि स्राव आणखी वाढला.

तेव्हा पेर कापल्याबरोबर ते ॲस्कॉर्बिक आणि सायट्रिक आम्लाच्या सौम्य, निर्जंतुक द्रावणात टाकावे, पहिला आठवडा बाटल्या अंधारात ठेवाव्यात आणि पहिल्या माध्यमात लिटरला एक ते दोन ग्रॅम सक्रिय कोळसा घालावा. एक-दोन दिवसांनी डाग दिसला की पेर लगेच नव्या बाटलीत हलवावे. त्यानंतर डाग थांबेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी हलवीत राहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पहिल्या पंधरवड्यात याला पर्याय मला सापडलेला नाही. कोळसा मात्र संजीवकेही शोषून घेतो, म्हणून फुटवे वाढवण्याच्या टप्प्यात तो काढून टाकावा आणि मुळे फुटण्याच्या वेळी हवा तर पुन्हा घालावा.

माध्यमाची चूक याहून मोठी आहे. पूर्ण मात्रेच्या एमएसमध्ये लिटरला सुमारे ४.३ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील नत्र एकट्यानेच ६० मिलिमोल भरते. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी हे माध्यम तंबाखूच्या ऊतींसाठी बसवले होते, म्हणजे खादाड पिकासाठी. घटपर्णी किडे पकडते तेच मुळी जमिनीत नत्र-स्फुरद मिळत नाही म्हणून, आणि अशा झाडाला केळीचे जेवण वाढले तर ते करपते. मी एमएसचे मोठे (जास्त मात्रेत लागणारे) क्षार निम्म्यावर आणते, काही जातींना एक तृतीयांशावर. साखर २० ग्रॅम, सामू ५.५ ते ५.७ आणि अगर साधारण साडेसहा ग्रॅम. सामू याहून खाली नेऊ नये, कारण मग अगर नीट घट्ट होत नाही. बीएपी ४ मिलिग्रॅम फार होते. अर्ध्या ते एक मिलिग्रॅमवर थांबावे. जास्त बीएपीने फुटव्यांचा गुच्छ दिसायला भरगच्च येतो, पण ते काचेसारखे पाणचट होतात, त्यांना मुळे फुटत नाहीत आणि कॅलसमधून (पेशींच्या आकारहीन गोळ्यातून) आलेल्या रोपांत विकृतीही शिरतात.

बुरशीचे मूळ बाटलीत नसून मूळ रोपात आहे. कोकणच्या पावसात उघड्यावर असलेल्या वेलीच्या पेरांत बुरशी आतपर्यंत शिरलेली असते आणि वरून कितीही धुतले तरी ती निघत नाही. रोप दोन-तीन महिने छपराखाली ठेवा, पाणी फक्त मुळाशी द्या, दर पंधरा दिवसांनी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी करा आणि त्या काळात आलेल्या नव्या फुटव्यांवरच काम करा. मर्क्युरिक क्लोराइड मात्र घरच्या खोलीतून आजच हद्दपार करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते धुतलेले पाणी शेवटी कुठे ओतले जाते याचा विचार करा. कोकणात घराभोवतीच विहीर असते आणि पाऱ्याचा निचरा होत नाही. सोडियम हायपोक्लोराइटने काम भागते.

हे सगळे सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला असा की पेरांचा नाद सोडावा आणि बियांपासून सुरुवात करावी. त्याची कारणे पुढे लिहीन, कारण त्याआधी तुमच्या चिठ्ठीतील नावाविषयी दुसऱ्या कोणी बोलावे असे वाटते.

पूर्वोत्तर, नाशिक

नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे मेघालयात शिलाँग आणि तुरा येथे काढली, त्यामुळे या झाडाविषयी माझ्या मनात आपलेपणा आहे. गारो लोक त्याला मेमांग-कोकसी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. खासी भाषेत ते तिएव-राकोट, राक्षसी फूल. दक्षिण गारो टेकड्यांतील बाघमारा या गावाजवळ त्याच्यासाठी राखलेले एक छोटेसे अभयारण्य आहे, चालत फिरलात तर थोड्याच वेळात पाहून होईल एवढेच. जैंतिया टेकड्यांत जराईनजवळ मी ते रस्त्याच्या कडेच्या दरडीवर पाहिले. पाऊस नुकताच थांबला होता, घटाच्या झाकणाखाली एक मुंगी कडेवरचा मध चाटत पुढेमागे करीत होती आणि त्याच वेलीचे खालचे अंग, दरड कापताना, मातीसकट उघडे पडलेले होते. झूम (जंगल जाळून केलेली फिरती) शेती, कोळशाच्या खाणी, रस्ते आणि उपटून विकणारे, अशा चारही बाजूंनी ते आक्रसत चालले आहे.

आता कायद्याचे. नेपेन्थस खासियाना ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित वनस्पती आहे. पूर्वी सहाव्या अनुसूचीत ज्या मोजक्या सहा नोंदी होत्या, त्यांत निळी वांदा, तांबडी वांदा, कुष्ठ इत्यादींबरोबर हिचे नाव होते आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती नव्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. याचा अर्थ केवळ जंगलातून तोडण्यालाच मनाई आहे असा नव्हे. परवान्याशिवाय तिची लागवड करणे आणि खरेदी-विक्रीचा व्यवहार करणे यांनाही मनाई आहे, मग रोपे बाटलीत वाढवलेली असोत की कुंडीत. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठीच्या साइट्स करारात घटपर्णीच्या सगळ्याच जाती आहेत, पण बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात. सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात खासियाना आणि बोर्निओची राजा या दोनच.

तुमचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही, परंतु चिठ्ठी खरी असेल तर ते रोप कुठून आले हा प्रश्न पहिला येतो, आणि खोटी असेल तर एखाद्या सामान्य संकराची शेकडो रोपे तुम्ही खासियानाच्या नावाने वाटाल. रोपवाटिकेकडे परवाना आणि रोपाचे मूळ यांची लेखी विचारणा करा. महाराष्ट्रात परवान्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे आणि त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. त्यांच्याशी पत्रव्यवहार होईपर्यंत या रोपावरील काम थांबवणे इष्ट.

मातीवेडा, कुडाळ

दोघांचेही मनापासून आभार. परवान्याची अट लागवडीलाही लागू आहे हे मला खरोखर माहीत नव्हते आणि ते वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. काल त्या रोपवाटिकेला फोन केला. रोप कोलकात्याकडील एका व्यापाऱ्याकडून आले, याहून अधिक काही त्यांना सांगता आले नाही. त्या रोपाला आता कात्री लावणार नाही आणि नागपूरला पत्र लिहिणार आहे.

दरम्यान हात बसावा म्हणून दुसऱ्या एखाद्या जातीवर काम करावे असे ठरवले आहे. कोणती घ्यावी आणि ‘बियांपासूनच’ असे काचबाटली यांनी का म्हटले, हे कळले तर बरे होईल. शिवाय बाटलीतून बाहेर काढल्यावर केळीसारखेच शेडनेटखाली हार्डनिंग करावे, म्हणजे रोपांना हवेला सरावावे का?

ओलसर, फोंडा

हार्डनिंगचे मी सांगतो, कारण माझी स्वतःची पहिली साठ रोपे त्याच टप्प्यावर गेली. बाटल्यांतील रोपे मी विकत घेतली होती. दोन-अडीच सेंटिमीटरची रोपे, पानाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढे घट, त्यावर झाकणसुद्धा. ते पाहून मला वाटले की रोप तयारच आहे आणि मी सरळ कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावून शेडनेटखाली ठेवले. चार दिवसांत सगळी पाने कागदासारखी झाली. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि त्याची रंध्रे मिटायला शिकलेली नसतात. केळीची पाने त्यातून आठवड्यात सावरतात, घटपर्णीला महिना-दीड महिना लागतो.

आता मी असे करतो. रोप कोमट पाण्यात धरून मुळांना चिकटलेला अगर पूर्ण सोडवतो, कारण त्यातील साखरेचा एक कण राहिला तरी त्यावर बुरशी धरते. लावण्यासाठी स्फॅग्नम शेवाळ आणि परलाइट. कोकोपीट वापरायचे तर ते तीन-चार पाण्यांतून धुऊन, शेवटच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून मगच वापरावे. किनारपट्टीच्या नारळाच्या काथ्यात मीठ असते आणि या झाडाला तेच सोसत नाही. पाण्यातील क्षार ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) आत हवेत. मी जून-जुलैत पागोळीचे पाणी पिंपांत साठवून ठेवतो आणि ते पुढे पुरवतो. कौलांवरून येणारे पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यावेत.

ट्रे झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवायचा. दहा दिवस झाकण बंद, मग रोज सकाळी पाच मिनिटे उघडे, पुढे पंधरा, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून रात्री उघडे. बाटलीतले जुने घट या काळात सुकतात. त्याने घाबरून जाऊ नये, पाहायचे ते नव्या पानाकडे. नव्या पानाच्या टोकाला घट फुगू लागला की रोप हवेला सरावले असे समजावे. त्यानंतर पन्नास टक्के सावलीत न्यावे. खत मुळाशी अजिबात नको. दिले तर पाने मोठी होतात आणि घट येईनासे होतात.

जातीविषयी एकच सांगतो. राजा, व्हिलोसा, एडवर्डसियाना यांची छायाचित्रे पाहून मोहात पडू नका. बोर्निओतील किनाबालू पर्वताच्या दीड हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या या जाती, त्यांना रात्री पंधरा अंशांच्या आसपास थंडावा लागतो आणि आपल्याकडे मे महिन्याच्या रात्री सव्वीस-सत्तावीस अंशांवर असतात. मिराबिलिस, रॅफ्लेसियाना, ॲम्प्युलारिया या सखल भागातल्या जातींना आपली दमट हवा मानवते.

काचबाटली, पुणे

मिराबिलिसपासून सुरुवात करावी याच्याशी मीही सहमत आहे. दक्षिण चीनपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली ही काटक जात आहे आणि चुका पोटात घालते. देशातच ज्यांच्याकडे ती फुलते अशा हौशी मंडळींकडून ताजे बी मिळवावे. बी आणायला उशीर करू नये, कारण त्याची उगवणशक्ती काही महिन्यांतच उतरते. तोवर कागदी पाकिटात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे.

आता बियांचे कारण. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि झाडाला फुले येईपर्यंत, म्हणजे काही वर्षे, ते नर की मादी हे बघून सांगता येत नाही. तुम्ही एका वेलीच्या पेरापासून चारशे रोपे केली, तर ती चारशेही एकाच लिंगाची आणि अक्षरशः एकच झाड असतील. ती कितीही ठिकाणी पोहोचली तरी त्यांच्यात एक बीसुद्धा कधी धरणार नाही. केळीत आपल्याला हेच हवे असते, प्रत्येक खुंट ग्रँड नैन या वाणासारखाच निघावा असे. दुर्मीळ झाडाच्या बाबतीत तेच घातक ठरते. पश्चिम कालिमंतानमधील गुनुंग केलाम या एकाच खडकाळ डोंगरावर वाढणाऱ्या नेपेन्थस क्लिपेआटाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. जंगलात ती अगदी थोडी उरली आहे आणि जगभरच्या संग्रहांत तिची जी रोपे आहेत ती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मूळ झाडांचीच आहेत. रोपांची संख्या वाढवता आली, वेगवेगळ्या मूळ झाडांची नाही. याउलट राजा बियांपासून बाटलीत वाढवली गेली, रोपे सहज मिळू लागली आणि ती डोंगरावरून चोरण्यातले आकर्षण पुष्कळ कमी झाले.

खासियानाचे बाटलीतील संवर्धन काही नवे नाही; त्यावरचे भारतीय संशोधन १९९१ पासून प्रसिद्ध झालेले आहे आणि केरळमधील पालोडच्या वनस्पती उद्यानानेही ते १९९४ मध्ये करून दाखवले. तेव्हा रोपे करता येतात का, हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. परवाना मिळून ते काम उद्या तुमच्या हाती आले तर माझा आग्रह असेल की चारशे रोपे एका बीची नसावीत, वीस वेगवेगळ्या बियांची प्रत्येकी वीस असावीत, आणि शक्य तर त्या बिया वेगवेगळ्या फळांच्या असाव्यात.

कृती थोडक्यात. घटपर्णीचे बी म्हणजे सेंटिमीटरभर लांबीचा केसासारखा धागा आणि मधोमध किंचित फुगीर भाग; ते पाण्यावर तरंगते आणि हायपोक्लोराइट त्याला नीट भिजवत नाही. म्हणून बी गाळणकागदाच्या पुडीत बांधून पुडीच बुडवावी. द्रव साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात तासभर, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटे, मग निर्जंतुक पाण्याच्या तीन धुण्या. फळ उकलण्याच्या बेतात असतानाच मिळाले तर अधिक चांगले, कारण मग अख्खे फळ निर्जंतुक करून लॅमिनारमध्ये चिरता येते. माध्यम निम्म्या एमएसचे, संजीवकाशिवाय. उगवायला सहा आठवडे ते तीन महिने लागू शकतात, बाटल्या फेकण्याची घाई करू नये. एका बाटलीत एकच बी टाकावे, म्हणजे एकीला बुरशी आली तरी बाकीची वाचतात आणि पुढे कोणती रोपे कोणत्या बीची हा घोळ होत नाही.

मातीवेडा, कुडाळ

एका बाटलीत एकच बी, हे केळीत कधी सुचले नसते. मिराबिलिसच्या बियांसाठी एका हौशी गृहस्थांशी बोलणे झाले आहे. त्यांच्याकडे दोन माद्या आणि एक नर फुलतात आणि ते तीन फळांचे बी वेगवेगळ्या पाकिटांत पाठवणार आहेत. एकच शंका उरली. सबकल्चर करताना (रोपे वाटून नव्या माध्यमात हलवताना) क्रमांक बीचा ठेवायचा की फळाचा?

काचबाटली, पुणे

दोन्ही. आधी फळाचा, मग बीचा. उदाहरणार्थ ‘मि-२-१४’, आणि खाली पेरणीची तारीख. झाकणावर लिहू नका, सबकल्चरच्या वेळी झाकणे बदलतात. बाटलीच्या अंगावर लिहा आणि तोच क्रमांक वहीतही उतरवा. फुले आल्यावर नर की मादी ही नोंद त्याच ओळीपुढे करता येईल, तेवढी जागा आत्ताच सोडून ठेवा.